रोही आडवा आला होता

आमच्या भासऱ्यांइतकं भित्रं माणूस सबंध दारव्हा तालुक्यात दुसरं नसेल, आणि त्यांच्याइतकं मोठं तर नाहीच नाही. देह एवढा ऐसपैस असल्यामुळेच बहुधा जगातल्या सगळ्या भीत्यांना तिथे राहायला जागा मिळाली असावी. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, आमचे भाऊजी. बोरी अरबला आमचं एकत्र घर आहे. कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती भाऊजी पाहतात. माझा नवरा दारव्ह्याला तहसील कचेरीत जातो आणि मी तिथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवते. एसटी दहाची असली की भाऊजी नऊला स्टँडवर. छत्री बारमाही. आधार कार्डाची झेरॉक्स शर्टाच्या खिशात एक, पॅन्टच्या खिशात एक आणि आत बंडीच्या खिशात एक, कारण माणूस कुठे आणि कोणत्या कपड्यांत सापडेल याचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं. शेतात पोहोचले की घरी फोन करून गॅसचं बटण बंद आहे ना, ते विचारायचे. आणि त्यांना कोणाचाही फोन आला, तर हॅलो म्हणायच्या आधी पहिलं वाक्य ठरलेलं: “पह्यले सांग, सगळे जित्ते आहेत ना?” एकदा बियाण्याच्या दुकानदाराचा फोन आला, तर तो बिचारा गोंधळून हो म्हणाला आणि उलट आमच्याच घरच्यांची चौकशी करून, बियाण्याचं काही न बोलता फोन ठेवून मोकळा झाला.

माझ्याशी ते बोलत नसत. रागानं नव्हे. भासऱ्यानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलू नये ही जुनी रीत; बाकी गावानं ती कधीच सोडली, पण रीत मोडल्यावर काय होईल याची भाऊजींना भीती. म्हणून पंधरा वर्षं ते माझ्याशी तिसऱ्याच्या तोंडून बोलले. मी शाळेत शिकवते म्हणून माझं नाव मॅडम. “मॅडमले सांग, चाबी खिडकीत हाय,” हे ते माझ्यासमोर उभं राहून आपल्या मुलीला, पूर्वाला सांगत, आणि पूर्वा माझ्याकडे पाहून नुसती हसे. कोणीच नसेल तर जे असेल त्याला सांगत. एकदा मी अंगणात होते आणि आभाळ भरून आलं होतं, तेव्हा ‘मॅडमले म्हना, पानी येऊन राह्यलं, कपडे काढून घ्या’ हा निरोप त्यांनी गोठ्यातल्या म्हशीकडे दिला होता.

जेवण हा मात्र असा एकच प्रांत होता, जिथे त्यांना कशाचीही भीती वाटत नसे. रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण असा बेत असला, की भाऊजी सकाळपासून प्रसन्न. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा हातानं फोडून त्यात तूप सोडताना त्यांचा चेहरा देवळात बसल्यासारखा होई. पाटवडीचा रस्सा नुसता हुंगून त्यात खसखस आहे की नाही ते सांगत, आणि लग्नाघरी गेले की आचारी आपणहून वाटीभर भाजी चाखायला आणून देत. जाऊबाईंचा त्यांच्यावर फार जीव, आणि तो जीव त्या ताटात वाढत. भाऊजी ‘बस’ म्हणाले की जाऊबाईंच्या लेखी तो शब्द ‘अजून दोन’ असा ऐकू येई. त्यांच्या माहेरी नाही म्हणणाऱ्याला पुन्हा वाढतात आणि हो म्हणणाऱ्याला तर वाढतातच.

घरचा वजनकाटा एकशे वीस किलोपर्यंतचा. भाऊजी उभे राहिले की तो थोडा विचार करून एक आडवी रेघ दाखवायचा. खरं वजन कळलं ते कापसाच्या काट्यावर. गाडी रिकामी करायला गेले असताना व्यापाऱ्यानं गमतीनं त्यांना उभं केलं, तर एक क्विंटल एक्कावन्न किलो भरले. कापसाला कापतो तसे ओलाव्याचे किती किलो कापून घेऊ, असं व्यापाऱ्यानं विचारलं आणि सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं भाऊजी हसले. पानठेल्यावर ही गोष्ट त्यांनीच पुढे महिनाभर सांगितली. आणि झोपेच्या गोष्टी तर विचारूच नका. बोलता बोलता, वाक्य अर्धं सोडून ते झोपत. एका घरी बसायला गेले, म्हणजे सांत्वनाला, तर तिथे घोरू लागले. ज्याची बायको गेली होती त्या म्हाताऱ्यानंच उठून त्यांच्या अंगावर चादर टाकली. घरी आल्यावर आम्ही पोट धरून हसलो. आज हे लिहिताना तेवढं हसू येत नाही.

मागच्याच्या मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका दुपारी ते पूर्वाला दारव्ह्याच्या ट्यूशनवरून मोटरसायकलवर घेऊन येत होते. पूर्वा तेव्हा सातवीत. बोरीच्या अलीकडे गाडी रस्ता सोडून नाल्याच्या कडेनं उतरली आणि उभ्या तुरीत घुसली. तूर डोक्याएवढी वाढलेली होती, म्हणून तिनं दोघांना झेललं. पूर्वाचं कोपर सोललं, भाऊजींच्या हनुवटीला चार टाके पडले. रोही आडवा आला, असं त्यांनी सांगितलं. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे शेतोशेती फिरतात, तेव्हा अविश्वास दाखवायचं कोणाला कारणच नव्हतं. पानठेल्यावर तो रोही दिवसेंदिवस वाढत गेला. कोणी म्हणे त्यानं तो सकाळीच पाहिला होता, कोणी म्हणे आपला हरभरा खाणारा तो हाच. भाऊजी मात्र या चर्चेत नसत. त्यांनी त्या दिवसापासून मोटरसायकलला हात लावला नाही. पूर्वाचं जाणं-येणं माझ्यासोबत एसटीनं सुरू झालं, आणि भाऊजींच्या भीत्यांमध्ये आता रोह्याची एक भर पडली, एवढंच आम्ही समजलो.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी ओसरीवर पेपर तपासत होते. जाऊबाई शेतात गेल्या होत्या, पूर्वा मैत्रिणीकडे. भाऊजी आले, समोर उभे राहिले, आजूबाजूला पाहिलं. म्हैसही चरायला गेलेली. मग ते जमिनीकडे पाहत म्हणाले, “मॅडम.”

पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला थेट हाक मारली होती. माझ्या हातातला लाल पेन खाली पडला. मला वाटलं, कोणीतरी गेलं.

त्यांच्या हातात प्लास्टिकची फाइल होती. विहिरीवरच्या मोटरचं काम आहे म्हणून ते तीनदा नागपूरला गेले होते. मोटर ठीकच होती, गेले होते डॉक्टरांकडे. कागद सगळे इंग्रजीत. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, पण भाऊजींची शंका अशी की डॉक्टर तोंडानं एक सांगतात आणि कागदावर दुसरंच लिहितात. म्हणून मी वाचून सांगावं. मी वाचलं. झोपेत त्यांचा श्वास वारंवार अडत होता, त्यामुळे झोप कधी पुरी होतच नव्हती आणि दिवसा कुठेही डोळे मिटत होते. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, गुडघे झिजलेले. आणि शेवटच्या पानावर सल्ला होता, वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा. दुर्बिणीतून जठराचा मोठा भाग काढून टाकतात आणि उरलेलं जठर केळ्याएवढं नळीसारखं राहतं. नंतर जन्मभर थोडं खायचं, चावून खायचं, गोळ्या घ्यायच्या, तपासण्या करायच्या.

“याच्यात मराले होते का, ते कुठं लिहून हाय?” त्यांनी विचारलं. मी ती ओळ काढून दाखवली. धोका थोडा होता, पण होता. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. इंग्रजी येत नसतानाही ते ती ओळ बराच वेळ वाचत होते.

मी म्हटलं, भाऊजी, एवढी भीती वाटते तर थांबा, दुसऱ्या डॉक्टरांना विचारू. घाई कसली? तेव्हा ते खाली बसले. त्यांना जमिनीवर बसायला आणि तिथून उठायला किती त्रास होतो हे मला माहीत होतं, तरी बसले.

“रोही नव्हता मॅडम,” ते म्हणाले. “माहा डोळा लागलता. पोरगी मांगं बसून होती.”

मग त्यांनी सांगितलं, की ऑपरेशनची भीती वाटते, फार वाटते. पण तुरीच्या जागी ट्रक असता, तर काय झालं असतं, हे रोज डोळ्यांसमोर येतं, आणि ती भीती हिच्याहून मोठी आहे. आयुष्यभर भीत्या बाळगलेल्या माणसाला दोन भीत्यांतली मोठी कोणती ते बरोबर ओळखता येत होतं.

हे आणखी कोणाला माहीत आहे, असं मी विचारलं. तर म्हणे, तुम्हाला आणि उमरखेडच्या एका माणसाला. हा उमरखेडचा माणूस एसटीत शेजारी बसलेला, पूर्ण अनोळखी. नागपूरहून यवतमाळ येईपर्यंत भाऊजींनी त्याला जठर, साखर, श्वास, सगळं सांगून टाकलं होतं. परक्याला सांगायला भीती वाटत नाही, कारण तो उतरून जातो. त्या माणसानं शांतपणे ऐकून एकच सांगितलं होतं, की लपवून करू नका. माणूस बरा होतो, पण घर रुसून बसतं. मीही तेच म्हटलं. नागपूरला मी सोबत येईन, पण घरात तुम्ही स्वतः सांगायचं. त्यांनी मान हलवली, आणि पुढचे पंधरा दिवस काहीच केलं नाही. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागे त्यांनी मुद्दे मात्र लिहून ठेवले होते. जेवताना ती पत्रिका खिशातून काढत, पाहत, आणि पुन्हा ठेवून देत.

शेवटी एका दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि पत्रिका वाचल्यासारखं सगळं एका दमात जाऊबाईंना म्हणून दाखवलं. जाऊबाई भाकर थापत होत्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाल्या, “वीस वर्सं माह्या हातचं खाल्लं. त्याच्यात असं काय वाईट होतं, का पोट कापा लागते?”

भाऊजींनी पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली. पुढे तीन दिवस जाऊबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत आणि तीन दिवस घरात फिक्कं वरण आणि दुधीची भाजी शिजली. भाऊजी ती मुकाट्यानं खात. मला त्या एकदा एकट्या सापडल्या तेव्हा म्हणाल्या, की लोक हेच म्हणतील ना, बायकोनं खाऊ घालून घालून मरायला टेकवलं. मी त्यांना तो श्वासाचा कागद दाखवला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यावर वर-खाली जाणारी एक रेघ होती आणि ती मधेच सपाट व्हायची, पुन्हा उठायची, पुन्हा सपाट. ही सपाट जागा म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कागद घडी न घालता तसाच परत दिला आणि हात धुवायला गेल्या. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, ऑपरेशन झाल्यावर किती दिवस पातळ खावं लागेल.

माझ्या नवऱ्यानं मात्र वाद घातला. सकाळी फिरायला जा, रात्री जेवू नको, एवढ्यासाठी कोणी पोट कापून घेतं का. हा सल्ला देताना तो शेव खात होता. तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं, की भाऊजींनी गेल्या बारा वर्षांत काय काय करून पाहिलं होतं. मेथीचं पाणी, जिऱ्याचं पाणी, लिंबू-मध, अकोल्याचा एक काढा, भात बंद, मग पोळी बंद, मग सगळंच बंद. शेतावर जातो म्हणून धुऱ्यावरून मैलमैल चालायचे. एकदा अठरा किलो उतरले होते. आम्हाला वाटलं होतं आजारी आहेत, आणि जाऊबाईंनी डिंकाचे लाडू करून त्यांना पुन्हा जागेवर आणलं होतं. त्यानंतर बावीस चढले. एकाच घरात राहून आमच्यापैकी कोणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. आम्ही फक्त ताट पाहत होतो.

पानठेल्यावर सांगायला ते एकटेच गेले. तिथे काय झालं ते नवऱ्यानं येऊन सांगितलं, कारण तो काळजीनं मागे मागे गेला होता. एक जुना मित्र म्हणाला, पोटाला कात्री लावण्यापेक्षा तोंडाला कुलूप लाव. सगळे हसले. नेहमीप्रमाणे भाऊजीही हसतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते हसले नाहीत. “बारा वर्सं कुलूपच लावून पाह्यलं,” ते म्हणाले. “चाबी माह्याच खिशात राह्यते ना.” मित्रानं त्यांना पान लावून दिलं, पोटाला नको म्हणून सुपारी न घालता. माझा नवरा त्या दिवसापासून बदलला. नागपूरच्या खेपांसाठी त्यानं सुट्ट्यांचे अर्ज देऊन टाकले.

उरली पूर्वा. तिच्याशी बोलताना मी जवळ बसावं, अशी त्यांची इच्छा होती. तसा निरोप मला जाऊबाईंकडून आला. त्यांनी ऑपरेशनचं सांगितलं, ते तिनं नीट ऐकलं. मग त्यांनी रोह्याचं सांगायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यावर अडकले.

“मले माहीत हाय बाबा,” पूर्वा म्हणाली. “तुमी घोरून राह्यलते.”

एवढे महिने ती सगळ्यांना रोही आडवा आला असंच सांगत होती. कोणत्या बाजूनं आला, हेसुद्धा. भाऊजींनी तिला विचारलं, मग बोलली काहून नाहीस. तेव्हा तिचे डोळे भरले. चूक तिचीच होती, असं ती म्हणाली. ती रोज मागे बसून मोठमोठ्यानं पाढे म्हणायची, बाबांनी झोपू नये म्हणून. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत बोरी येतं हे तिला पाठ होतं. “त्या दिवशी माहा घसा बसलता. मले पाढे म्हनताच नाही आले.”

भाऊजींनी तिला जवळ ओढलं. त्या प्रचंड छातीत ती पोरगी दिसेनाशी झाली. त्यांना मी आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या सगळ्या भीत्या आम्हाला तोंडपाठ होत्या, पण ते लेकरू रोज पाठीमागे बसून बापाला जागं ठेवत होतं, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः नागपूरला फोन लावून तारीख मागितली.

ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस पातळ आहार. त्या पंधरा दिवसांत गावात चार लग्नं होती आणि चारही ठिकाणी ते जाऊन अक्षता टाकून, ताक पिऊन आले. दवाखान्यात संमतीपत्राची प्रत्येक ओळ त्यांनी माझ्याकडून मराठीत करून घेतली. मधे जाऊबाई बसल्या होत्या, म्हणून प्रश्न त्यांना विचारत आणि उत्तर मी देत असे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. काही शंका आहे का, असं त्यांनी विचारल्यावर भाऊजींनी फार विचार करून विचारलं, “बाई, तुमी काही खाल्लं का? उपाशीपोटी हात थरथरते.” त्या हसल्या आणि पोहे खाल्ल्याचं सांगितलं. मग भाऊजींना जरा धीर आला.

दीड तास सांगितला होता. दोन झाले, अडीच झाले. जाऊबाईंनी पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं. नवरा लिफ्टच्या दारापर्यंत जाऊन परत येई. मी फाइलमधल्या त्या ओळीचा विचार करत होते. धोका थोडा, पण आहे, हे मीच वाचून दाखवलं होतं. एकदाच थांबा म्हणून मग मीच त्यांच्यासोबत इथवर आले होते. काही झालं असतं, तर पूर्वाला मी काय तोंड दाखवलं असतं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, भूल द्यायला वेळ लागला, बाकी सगळं ठीक आहे. जाऊबाईंना ते दोनदा सांगावं लागलं. ग्लानीतून जागे झाल्यावर भाऊजींनी सगळ्यांना एकेक करून पाहिलं, मोजलं, आणि पुन्हा डोळे मिटले.

याला आता वर्ष होत आलं. त्रेपन्न किलो उतरले. झोपेत श्वास अडत नाही, दिवसा डोळे मिटत नाहीत, साखरेची एक गोळी बंद झाली. सगळंच सोपं झालं असं नाही. केस गळले, मधे एकदा घाईत घास गिळून फार हाल झाले, आणि शर्ट अजूनही जुन्या मापाचेच शिवतात, न जाणो परत लागले तर. माझ्याशी पुन्हा म्हशीमार्फतच बोलतात. गावात मात्र लोक त्यांना हल्ली थोडं बिचकून भेटतात. पूर्वी हसायला एक जागा होती, ती गेली. आता काय बोलावं ते कळत नाही. लग्नाघरचे आचारी अजून वाटी आणतात, पण लांबूनच पाहून परत नेतात. भाऊजी ते पाहतात.

गेल्या रविवारी मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थांबले. दोघं समोरासमोर जेवायला बसले होते. भाऊजींचे चार घास कधीच संपले होते. इतकी वर्षं जाऊबाई त्यांना वाढत राहिल्या आणि मागाहून उभ्या उभ्या जेवल्या. आता त्या बसून जेवत होत्या, आणि ते नुसते त्यांच्या ताटाकडे पाहत होते.

“वांगं कसं झालं?” त्यांनी विचारलं.

जाऊबाईंनी घास चावला, थोडं थांबल्या. स्वतःच्या हाताची भाजी त्यांनी आजवर कधी लक्ष देऊन चाखली नसावी. मग त्या सावकाश सांगू लागल्या, की तिखट जरा पुढे आलं, शेंगदाण्याचा कूट बरोबर पडला, वांगी देठापर्यंत शिजली, आणि तळाला थोडी लागली म्हणून एक खरपूस वास आहे, तो चांगला लागतो. भाऊजी डोळे मिटून ऐकत होते. त्या थांबल्या तेव्हा ते म्हणाले, “अजून सांग.”

मी पाणी न घेताच परत फिरले.